काटेआबा

शटर निम्मं वर गेलं होतं तेवढ्यात खालून आधी एक पिशवी आत आली, मग पिशवी धरलेला हात, आणि मग आवाज आला, "दोन जीबी शंभर ग्रॅम कमी भरलं, बाप्पा."

चेहरा पाहायची गरज नव्हती. देऊळघाटात सकाळी साडेआठला, माझा चहा व्हायच्या आत, कमी भरलेल्या मालाची तक्रार घेऊन येणारा माणूस एकच. काटेआबा.

त्यांचं आडनाव काटे नाही. खरं आडनाव आता रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकांवर तेवढं उरलंय. आबांनी उभी हयात बाजार समितीत मापारी म्हणून काढली. पोती काट्यावर चढायची, आबा आकडा पुकारायचे आणि त्या आकड्यावर कोणाचं तरी वर्ष ठरायचं. त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच करत. निवृत्तीनंतर काटा बाजारात राहिला, तोलणं मात्र आबांच्या अंगात राहिलं.

घरी गॅसची टाकी आली की आबा ती आणणाऱ्या पोराला ओट्यावर बसवतात, पाणी देतात आणि टाकी कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या ताणकाट्याला लटकवतात. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या कड्याखाली लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. बेरीज जुळली तर पोराला चहा, नाही जुळली तर पोरगा टाकीसकट परत. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात तेल भरून दाखवावं लागतं, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आबांना ठाऊक आहे, आणि मोपेडमध्ये शंभर रुपयांचं पेट्रोल टाकण्यापूर्वी ते माप मागतात. मागे लागलेली रांग हॉर्न वाजवते. आबा रांगेकडे वळून सांगतात, "तुमच्यासाठीच मोजून राह्यलो."

पावसाळ्यात गच्चीवर त्यांचा एक सरळ भिंतीचा डबा असतो. सरकारी आकडा जाहीर झाला की आबा डब्यात पट्टी घालून पाहतात आणि दोन्हींत फरक पडला तर सरकारवर नाही, पावसावर संशय घेतात. गेल्या दिवाळीत जावयानं अर्धा किलो पेढे आणले. आबांनी ते आतल्या खोलीत नेले. जावयाच्या कानावर आतून एवढाच शब्द आला, "खोक्यासकट!"

लोक त्यांना चिकट म्हणतात. ते खरं नाही. चिकट माणसाला द्यायचं नसतं. आबा द्यायला बसले की पायली शिगोशीग भरतात आणि वर दोन मुठी टाकतात. घरच्या ज्वारीचं माप घालताना सांडलेलंसुद्धा घेणाऱ्याच्या पदरात सारतात. त्यांची चीड फक्त एका गोष्टीची आहे. आठ सांगून सात देणाऱ्याची. सात सांगून सात दिलं तर आबा त्या माणसाच्या मुलाच्या लग्नाला आहेर घेऊन जातील.

आता मी. माझं दुकान थांब्याजवळ आहे. पाटीवर 'झेरॉक्स, पीकविमा, सातबारा, लॅपटॉप दुरुस्ती' असं लिहिलंय. पहिल्या तिन्हींवर घर चालतं आणि चौथ्यावर रक्तदाब.

आबांशी माझा व्यवहार जुना. पहिल्यांदा ते आले होते पेनड्राइव्ह घेऊन. कीर्तनं भरायला घेतलेला, ३२ जीबीचा. संगणकात घातला तर २९.८. आबांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला, जसा आपण नासका कांदा भाजीवालीसमोर ठेवतो. मी घाम पुसत सांगू लागलो की कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, आणि विंडोज एक हजार चोवीसचा हजार धरून मोजते, म्हणून...

"थांब," आबा म्हणाले. "म्हंजे कंपनी कच्च्या मणानं इकते अन् मशीन पक्क्या मणानं मोजते."

मी गप्प झालो. कारण हे असंच आहे, आणि इतकं नेमकं मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ब्रिटिश अमलात गावोगाव कच्चा मण वेगळा आणि पक्का मण वेगळा चालायचा. खरेदी एका मापानं, विक्री दुसऱ्या मापानं, आणि मधला फरक गादीवर बसलेल्याचा. आबांनी हे वडिलांकडून ऐकलेलं. हजार जीबीची हार्डडिस्क ९३१ का दाखवते, हेही त्यांनी मग स्वतःच मला समजावून सांगितलं. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगानं पक्क्या मापाला 'गिबी' असं वेगळं नाव दिलं, घोटाळा मिटावा म्हणून. पण नाव बाजारात चाललं नाही. बाजाराला घोटाळा मिटायला नकोच असतो, असं आबांचं मत.

दुसऱ्यांदा ते मुलाचा जुना डेस्कटॉप घेऊन आले. चार जीबीची रॅम आणि त्यातली हाती लागत होती जेमतेम साडेतीन. त्यात बत्तीस बिटांची विंडोज होती. मी सांगितलं, रॅममधल्या प्रत्येक खोलीला पत्ता लागतो. पत्ता लिहायला बत्तीस जागा, आणि प्रत्येक जागेत एक तर शून्य नाही तर एक. असे एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर चार जीबी. पण त्याच पत्त्यांतून चित्राच्या कार्डाला, यूएसबीला, बाकीच्या सगळ्या पाहुण्यांनाही घरं द्यावी लागतात. पाहुणे बसले की घरच्यांना जागा उरत नाही. रॅम असते, तिला पत्ता नसतो.

आबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी आले ते लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर बत्तीस ओळी लिहून. दोन, चार, आठ, सोळा असं दुप्पट करत खाली उतरलेले. शेवटची ओळ दोनदा अधोरेखित. "बरोबर हाय," ते म्हणाले. "शहाण्णवावरच सरते." मला वाटलं होतं त्यांना उत्तर पटलं नसेल. त्यांना फक्त ते तोलायचं होतं.

त्यांना हे दुपटीचं गणित जड का गेलं नाही, ते मला पुष्कळ उशिरा उमगलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. एक, दोन, चार, आठ, सोळा. रुपयाचे आणेसुद्धा सोळाच. १९५६ साली मापांचा नवा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण हद्दपार होऊन किलो आले; आम्ही पुढची पोरं दहा बोटांवर वाढलो. रॅम मात्र अजून पायलीच्याच चालीनं चालते, दोन, चार, आठ, सोळा. संगणकाच्या वर्गात मला जे पाठ करावं लागलं ते आबांच्या आईनं त्यांना दळण मोजताना शिकवलं होतं.

तर त्या सकाळची पिशवी. तिच्यातून निघाला नातीचा लॅपटॉप. नात बी.फार्म.ला आहे, तिच्यासाठी शहरातल्या एका दुकानातून आणलेला. बिलावर 'रॅम ८ जीबी' असं स्पष्ट. नात समाधानी होती. आबांनी तिला रात्री विचारलं, "अंदर काय काय हाय ते दाखव." तिनं सेटिंगमध्ये जाऊन पान उघडलं. तिथं लिहिलेलं, इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी, आणि पुढे कंसात, ५.९० जीबी युजेबल.

कंस! आबांच्या मते बाजारातली सगळी लबाडी कंसात लिहिलेली असते. 'सर्व करांसहित' मोठ्या अक्षरात असतं आणि 'अटी लागू' कंसात. रात्रभर त्यांना झोप आली नाही, असं सून सांगत होती.

"आता कच्चा-पक्का सांगू नको मले," त्यांनी आधीच बजावलं.

नव्हतोच सांगणार. रॅमच्या बाबतीत कंपनी पक्क्या मापानंच विकते. आठ म्हणजे पुरे आठ. बत्तीस बिटांची भानगडही इथं नव्हती, विंडोज चौसष्टची होती. मी टास्क मॅनेजर उघडला, मेमरीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दोन जीबीहून जास्तीचा आकडा होता. तो त्यांना दाखवला.

"हे घ्या. चोरीला नाही गेलं. राखून ठेवलंय."

"कोणासाठी?"

"पडद्यासाठी. या लॅपटॉपला चित्राचं वेगळं कार्ड नाही. ज्याला वेगळं कार्ड असतं त्याची मेमरी त्याच्या घरची असते. याचं कार्ड प्रोसेसरच्या पोटातच आहे, त्याला स्वतःची मेमरी नाही. मग ते मोठ्या भावाच्या ताटातून खातं. मशीन चालू होतानाच दोन जीबी उचलून बाजूला ठेवतं, विंडोजला हातही लावू देत नाही."

आबांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. "म्हंजे कडता."

ज्यांना बाजार समितीचं आवार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की पोत्यामागे किलो-दोन किलो वजा धरायची रीत होती. कारण विचारलं तर माती, काडीकचरा, ओल, सुकणं, काहीही. याला कडता म्हणत. नियमात तो बसत नाही, पण नियम आवाराबाहेरच्या पाटीवर असतो आणि कडता आतल्या पट्टीत. आबांनी हयातीत एकच लढाई लढली, ती कडत्याशी. आमच्या वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा १८९७ सालीच आला होता, देशातल्या अगदी सुरुवातीच्या बाजार कायद्यांपैकी तो. आबांना ते साल तोंडपाठ आहे. इंग्रजानं तो आपल्या शेतकऱ्याच्या कळवळ्यानं केला नव्हता, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, हे मी एकदा सांगितलं तर म्हणाले, "कोणाच्या का कळवळ्यानं होईना, काटा तर सरळ झाला ना."

"कडता नाही हो आबा," मी म्हणालो. "बारदाना म्हणा. पोत्याचं वजन धरतातच की वजा."

"बारदान्याचं वजन मापारी रिकामं पोतं तोलून दाखोते. तू रिकामं करून दाखव."

मी धरणाकडे वळलो. आमची पैनगंगा पुढे येळगावच्या धरणात जाते आणि बुलडाणा शहराला पाणी पाजते. दर उन्हाळ्यात पेपरात येतं, एवढा साठा, पैकी एवढा मृतसाठा. पाणी असतं पण दरवाजाच्या खाली असतं, ते आपलं धरायचं नसतं.

"मृतसाठा गायाचा असते," आबा म्हणाले. गाय नव्हे, गाळ. आमच्याकडे ळचा य होतो. "ह्या मशीनमधी गाय कुठून आला?"

शेजारचे चहावाले चाचा एव्हाना दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते. ते म्हणाले, "आबा, चाय भी तौल के दूँ क्या?" आबांनी गांभीर्यानं उत्तर दिलं की गेल्या महिन्यापासून कप बदलला आहे, ते त्यांच्या लक्षात आलेलं आहे. चाचा उठून गेले.

मी नातीला फोन लावला. गेम खेळतेस? नाही. व्हिडिओ कापाकापी, त्रिमितीय चित्रं, असलं काही? नाही काका, वह्या पीडीएफमध्ये असतात आणि रात्री एखादी मालिका. मग पडद्याला दोन जीबीचं ताट कशाला? लॅपटॉप बंद करून चालू करताना कळ दाबून बायोसमध्ये शिरलो. कैक कंपन्या ही सोय कुलपात ठेवतात, या मॉडेलात ती उघडी होती. दोन जीबीचं पाचशे बारा एमबी केलं, साठवलं, बाहेर आलो. ८.०० जीबी, कंसात ७.४०.

दीड जीबी परत मिळवून दिल्यावर दुसरा माणूस हात जोडतो. आबांनी विचारलं, "अन् हे सहाशे?"

"पाचशे पडद्याचे, शंभरेक मशीनच्या स्वतःच्या कामाचे. याच्या खाली नाही येत."

"ह्म्." आबांचा ह्म् हा पावती नसलेला व्यवहार असतो. पैसे द्यायची गोष्ट निघाली नाही. काम पुरं झालं नव्हतं ना.

चौथ्या दिवशी पिशवी पुन्हा शटरखालून आत आली.

"तुह्या दुकानातून गेल्यापासून अजून एक जीबी गेलं."

पान उघडलं. कंसात ६.४०. माझ्या पोटात गोळा आला. मी काही बिघडवलं होतं का? बायोस पाहिला, पाचशे बारा जिथल्या तिथं. मग सरळ पाठ उघडायला घेतली. तसं पाहिलं तर रॅमची काडी नीट बसली नसेल तर अख्खी काडीच गायब होते, एक-एक जीबीनं गळत नाही. हे मला कळत होतं. पण समोर आबा बसलेले असले की माणूस जे कळतं तेही तपासून घेतो.

स्क्रू अकरा. आबांनी पेपर पसरला, त्यावर पेननं लॅपटॉपचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं ठेवत गेले. हे मात्र मी त्यांच्याकडून शिकलो. तोपर्यंत माझ्या प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू उरायचा आणि मी तो डबीत टाकायचो. आबांनी ती डबी पाहिली. काही बोलले नाहीत, फक्त हलवून तिचा आवाज ऐकला.

पाठ निघाली तर आत पंख्याभोवती करडी लव साचलेली. लॅपटॉप आबांच्या घरी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ठेवत असत. "हा पाय गाय!" आबा एकदम खूश. "म्हंत होतो ना मी!" मी ब्रशनं गाळ काढला, बॅटरीचा जोड सोडवला आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्या हलकेच फाकवल्या. काडी तिरकी वर आली. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, काठाला पिवळेधमक दात.

"आठ जीबी हे?"

"हेच."

आबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकिटाएवढा इलेक्ट्रॉनिक काटा काढला. सोनार वापरतात तसला. मी ओरडलो, "आबा, हात नका लावू, अंगातली वीज उतरते तिच्यात!" त्यांनी कागदाचा चौकोन काट्यावर ठेवला, त्याचं वजन शून्य केलं आणि मला सांगितलं, तू ठेव. मी ठेवली. मग म्हणाले, दुसरी आण. माझ्या ड्रॉवरमध्ये एक जुनी चार जीबीची काडी होती. पहिली काढून ती ठेवली. काट्याचा आकडा जवळजवळ हललाच नाही.

आबा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. पन्नास वर्षं ज्या श्रद्धेवर उभे होते तिला तडा जाताना मी पाहिला. "चारची काडी अन् आठची काडी एकाच वजनाची? मंग पैसे दुप्पट कायचे?"

"वजनाचे नाहीत आबा. खोल्या बारीक केल्या, तेवढ्याच जागेत दुप्पट बसवल्या."

"कोणी मोजल्या?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी खोडरबर घेतला आणि काडीचे पिवळे दात हलक्या हातानं घासायला लागलो. देशातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या निम्म्या विद्या या पाच रुपयांच्या खोडरबरात आहेत. दातांवर काळपट थर बसला की संपर्क तुटतो. रबरानं तो निघतो, चुरा कोरड्या ब्रशनं झटकायचा, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीत थुंकी असते. काडी परत खाचेत बसवली, कट्ट आवाज आला. अकरा स्क्रू अकरा जागी. चालू केलं.

६.४०.

मग मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. मी एमएसकॉन्फिग उघडलं, बूटच्या पानावर गेलो, 'प्रगत पर्याय' दाबला. तिथं 'मॅक्सिमम मेमरी' नावाचा एक चौकोन असतो. त्यात टिकमार्क होती, आणि पुढे आकडा, ८१९२.

मी आबांकडे पाहिलं. आबा रस्त्याकडे पाहत होते. रस्त्यावर काहीही नव्हतं.

"आबा, हे कोणी केलं?"

"कायचं?"

"ह्या चौकोनात टिकमार्क कोणी केली?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "फोनवर एक जण सांगत होता, इथी टिक केली का पुरी मेमरी भेटते. मी पोरीले म्हटलं कर. तिले इचारलं मॅक्सिमम म्हंजे काय, तं ते म्हने कमाल. कमाल म्हंजे जास्तीत जास्त. जास्तीत जास्त कोणाले नको, बाप्पा? अन् आकडाबी म्या अंदाजे नाई टाकला. आठ गुणिले एक हजार चोवीस. आठ हजार एकशे ब्याण्णव. पक्क्या मापानं."

गुणाकार बरोबर होता. तेच तर दुखणं होतं. हा चौकोन मेमरी वाढवायचा नाहीच, तो तोडायचा आहे. कमी रॅममध्ये आपला प्रोग्रॅम चालतो का, हे तपासणाऱ्यांसाठी ठेवलेला. आणि गंमत म्हणजे त्यात पुरेपूर आठचा आकडा टाकला तरी तूट येते. आता हे आबांना कसं सांगायचं? मी सातबाऱ्याचा कोरा कागद पुढे ओढला.

"आबा, समजा तुमचं आठ एकराचं एक सलग शेत. शून्याच्या खुणेपासून आठव्या खुणेपर्यंत. बरोबर?"

"बरोबर."

"मधून एकराची पांदण काढली. उपकरणांना ये-जा करायला. तिथल्या पत्त्यांवर रॅम नाही, रस्ता आहे. पण मशीननं तुमचं बुडवलं नाही. तेवढं शेत त्यानं आठव्या खुणेच्या पुढे सरकवून दिलं. क्षेत्र आठच, पण शेवटचा बांध आता नवव्या खुणेवर."

"चांगलं केलं."

"आणि तुम्ही तलाठ्याला लिहून दिलं, आठव्या खुणेच्या पुढं माझं काही नाही."

विंडोज त्या आकड्याला माप समजत नाही, हद्द समजते. त्या पत्त्याच्या पुढे जे काही असेल त्याकडे पाहायचंच नाही, असा तो हुकूम. आबांनी कागद जवळ घेतला. पांदणीवरून बोट फिरवलं, नवव्या खुणेपर्यंत नेलं, परत आठवर आणलं. चाचांच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

"म्हंजे म्या माह्याच हातानं माहाच बांध कोरला," आबा म्हणाले.

मी टिकमार्क काढली. आबा म्हणाले, रात्री तर रोजच बंद करते पोरगी, तरी कावून सुधारलं नाई. म्हटलं, मुळात टिकच होती. आणि विंडोजचं 'बंद' आपल्या बाजारपेठेतल्या बंदसारखं असतं, शटर खाली आणि मालक आत हिशेब करत बसलेला. खरं उठायचं ते रिस्टार्टला. रिस्टार्ट केलं. ७.४०.

आबांनी पिशवीतून वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजारातली. तिच्यात हिशेबपट्टी लिहायला घेतली, बोलत बोलत. एकूण आवक आठ. वजा पडद्याची हमाली अर्धा. वजा बारदाना शंभर. निव्वळ सात पूर्णांक चार. खाली दोन रेघा. "सही कर."

"मी कशाला? मी काय अडत्या आहे?"

"मापारी तर हायेस. तू तोलून देल्लं, मी पाह्यलं. आता उद्या पोरीच्या कॉलेजात कोणी इचारलं तं कागद असाव."

सही केली. तारीख टाकली. मग माझी वेळ आली. "आबा, दोन्ही खेपेचे मिळून तीनशे झाले."

आबांनी मान डोलावली. काही घासाघीस नाही. वहीच्या शेवटच्या पानावर पेन टेकवला, तीनशे गुणिले सात पूर्णांक चार, भागिले आठ. दोनशे रुपयांची नोट ठेवली, पन्नासची ठेवली, वीस, पाच, मग एकेक करून तीन नाणी.

"दोनशे अठ्ठ्याहत्तर. निघतात दोनशे साडेसत्याहत्तर."

"आणि उरलेले बावीस?"

"साडेबावीस," आबांनी दुरुस्त केलं. "ते हार्डवेअर रिझर्व्ह. हायेत ते. माह्याजवळच हायेत. हात नाई लावता येत."

चाचा हसून हसून कठड्याला टेकले. मी पैसे गल्ल्यात टाकले. आबा पिशवी खांद्याला लावून पायरी उतरले, आणि उतरल्यावर परत वळले. "आठ आणे तुह्याकडे निघतात."

"आठ आण्याचं नाणं कोणाजवळ असतं आता, आबा?"

"चार आणे बंद झाले दोन हजार अकरा साली. आठ आणे कायद्यानं चालू हायेत."

ते खरंच चालू आहेत. मी पाहून घेतलं. नाणं मात्र अजून सापडलेलं नाही. काल सकाळी शटर उघडत होतो, मोपेड दुकानासमोरून गेली, चार पावलांवर थांबली, आणि इंजिन चालूच ठेवून आबांनी न वळता एक हात वर केला. पंजा उघडा.

पाच बोटं. पन्नास पैसे.